टेबलाखालचे पाय

वहिनींचा राग खरा होता, ही त्यांच्याबद्दल सांगायची पहिली गोष्ट. बहुतेकांचा राग पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबश्यांसारखा असतो. प्रसंगी काढायचा, विसळून परत कपाटात ठेवायचा. वहिनींचा रोजच्या वापरातला. सकाळी डब्याबरोबर त्या तो कामावर आणत, दिवसभर पुरवून वापरत आणि संध्याकाळी उरलेला घरी नेत, कारण तो घरीही लागायचा.

त्या कवळ्या करत. म्हणजे असं, की दातांचा डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतो आणि पाठवून देतो. मग कुठल्याशा दुसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत चार माणसं त्या मापावरून हिरड्या ओततात, दात बसवतात, घासतात, चकचकीत करतात. तयार कवळी पेशंटच्या तोंडात बसवून डॉक्टर म्हणतो, "बघा, कशी झकास केलीय." लोकांना वाटतं कवळी डॉक्टर करतो. डॉक्टरांनाही हळूहळू तसंच वाटू लागतं.

या खोलीला एकच मोठी खिडकी. खिडकीखाली जुनं, जाडजूड, मालकाला पोटच्या पोरापेक्षा प्रिय असलेलं लाकडी टेबल, आणि टेबलाशी चार स्टुलं. प्रत्येक स्टुलासमोर वायरीच्या टोकाला एक हॅण्डपीस, म्हणजे हातात धरायची, जाडशा पेनाएवढी मोटर. तिच्या तोंडात बर बसवायचा. बर म्हणजे टोकाला दाते असलेली पोलादी काडी. बारीक कापायचं असेल तर बराच्या जागी कागदासारखी पातळ चकती. खाली पायाशी काळं पॅडल. पॅडल दाबलं की हॅण्डपीस असा काही फिरतो की चकती दिसेनाशी होते, नुसता आवाज उरतो. त्याला हिरडी कुठली आणि बोट कुठलं यातला फरक शिकवलेला नसतो.

वहिनी त्या खऱ्या तर एकाच्याच. त्यांचा धाकटा दीर, म्हणजे भावजी, त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसे. तो वहिनी म्हणतो म्हणून त्यांच्या आईच्या वयाची पॉलिशवाली मावशीही वहिनी म्हणू लागली. मग चौथ्या स्टुलावरचा, कायम प्लॅस्टरने माखलेला म्हणून 'गोणी' हे नाव पडलेला गृहस्थ म्हणू लागला. मग मालक. मग सामान पोचवणारे. अशा रीतीने वहिनींना न मागता एवढं मोठं सासर मिळालं. बाईला सासरी राग का येतो हे निराळं सांगायला नको.

त्यांच्या रागाला विषय कमी पडत नसत. मावशी गळ्यात ओढणी घालून बसली की, "मावशी, मशीनला गळा आवळून घ्यायचाय का? आत खोचा ती!" गोणीने फिरता हॅण्डपीस टेबलावर ठेवला की, "थांबू द्या त्याला आधी! साप आहे का तो, आपला आपण बिळात जायला?" नवा बर बसवला की तो आधी चेहऱ्यापासून लांब, टेबलाच्या कडेखाली धरून फिरवून बघायचा; वाकडा असेल तर तिथेच कळतं. हे ज्याने केलं नाही त्याच्या सात पिढ्या वहिनी शांतपणे, एकही न गाळता, काढत. एकदा गोणी कापडी हातमोजे घालून आला होता, हात सोलतात म्हणून. "काढा," वहिनी म्हणाल्या. "सोललेला हात परत येतो. मोज्यात गुंडाळलेला हात मशीन देत नाही परत."

पण सगळ्यात मोठा राग होता टेबलाखाली.

चारही पॅडलं सारखी, काळी, हलकी. फरशीवर प्लॅस्टरची पूड, त्यामुळे ती पायाच्या धक्क्याने शेवाळावरून घसरावीत तशी घसरत. सकाळी झाडणारी बाई सगळी एका कोपऱ्यात लोटायची आणि झाडून झालं की परत सोडून द्यायची, येतील तशी. त्यामुळे कुणाचं पॅडल कुणाच्या पायाखाली आहे हे तिथे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नसे. तुम्ही आपलं समजून दाबायचं आणि शेजाऱ्याच्या हातातला हॅण्डपीस फिरायचा. दोघंही काम करत असले तर हसण्यावारी जातं. शेजारी बर बदलत असला तर जात नाही.

वहिनींच्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी एक पांढरा, वाकडातिकडा व्रण आहे तो याचाच. त्या बर बदलत होत्या. गोणीने पाय टाकला. गोणी पुढे कितीतरी दिवस त्यांच्या नजरेला नजर देत नव्हता, पण वहिनी त्याला चकार शब्द बोलल्या नाहीत. त्या मालकाकडे गेल्या आणि म्हणाल्या, "टेबलाखाली फळ्या मारा. प्रत्येकाच्या पायाला वेगळा खण करा. घोड्यांना तबेल्यात मिळतो तसा."

मालक म्हणाला, "बघू."

हा माणूस वाईट नव्हता. तो स्वतः याच टेबलाशी काम शिकला होता, आणि 'आमच्या वेळी' हा शब्द उच्चारल्याशिवाय त्याचं वाक्य सुरू होत नसे आणि 'बघू' म्हटल्याशिवाय संपत नसे. आमच्या वेळी काय फळ्या होत्या का? आणि या टेबलाला खिळे ठोकायचे म्हणजे... बघू.

"पॅडलांना रंग लावा हवं तर," तो म्हणाला.

"पायाला रंग दिसतो का?" वहिनी म्हणाल्या.

मग त्यांनी स्वतःचा उपाय काढला. बर किंवा चकती बदलायची झाली की बदलणाऱ्याने मोठ्याने ओरडायचं, "पाय वर!" ओरडताच चौघांनीही पाय उचलून स्टुलाच्या आडव्या दांडीवर ठेवायचे. बदलणाऱ्याने "झालं" म्हटल्याशिवाय एकही पाय खाली येता कामा नये. हॅण्डपीसांचा कर्कश आवाज, धूळ ओढणाऱ्या पंख्याची घरघर, यातून ऐकू जायला हवं म्हणून ओरडायचं ते बेंबीच्या देठापासून. खालच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांना वाटायचं वर कुणाला तरी लुटतायत.

भावजी याची टिंगल करी. तो मुळातच टिंगलखोर. एक डोळा लहानपणीच गेलेला. गल्लीत खेळताना कुणाच्या तरी हातातली काठी लागली. तेव्हापासून जगाकडे उरलेल्या डोळ्याने आणि पूर्ण थट्टेने बघायचं त्याने ठरवून टाकलं होतं. "आंधळा मागतो एक डोळा नि देव देतो दोन म्हणतात," तो सांगे. "माझ्या वेळी देवाने सांगितलं, मागितलास तेवढाच घे."

सगळे हसत. वहिनी हसत नसत. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा हा शाळेत होता. तेव्हापासून कुणी त्याला 'काण्या' म्हटलं की पाय आपटत भांडायला जाणं हे त्यांच्याच वाट्याला आलं होतं. त्यांचा नवरा गाडी चालवायचा, आठ-आठ दिवस बाहेर, आणि घरी असला की भिंतीसारखा शांत. या कामाला भावजीला त्यांनीच लावलं होतं. हात चांगला होता त्याचा. पण एकाच डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही, म्हणून तो प्रत्येक वस्तू नाकाला लावल्यासारखी जवळ धरून बघायचा. फिरणारी चकतीसुद्धा.

"गॉगल कुठाय?"

"वाफ धरते, वहिनी. मास्क लावला की श्वास वर जातो, काच पांढरी होते. मग दिसत नाही."

"मग मास्क नीट दाबून लावा नाकावर."

"मास्क लावला नाही म्हणून तुम्ही गेल्या महिन्यात मला बोललात. गॉगल लावला नाही म्हणून आज बोलताय. मी माणूस आहे, वहिनी. एका वेळी एकाच गोष्टीबद्दल बोलणी खाऊ शकतो."

घरी जेवताना हाच वाद पुढे चाले. भाजी वाढता वाढता वहिनी म्हणत, "दोन डोळेवाल्यांनी घातला नाही तर ते मूर्ख. तुम्ही घातला नाही तर तुम्ही कोण, ते तुम्हीच ठरवा." भावजी भाजीकडे बघत म्हणे, "मीठ जरा जास्त पडलंय. रागात हात सैल सुटतो."

असं सगळं आपल्या रीतीने चाललं असतं. पण एक दिवस मालक फोनवर एका मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंशी बोलत होता आणि मागे गोणी ओरडला, "पाय वर!"

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुमच्याकडे कवायतीचे वर्ग चालतात का?"

त्या गमतीने म्हणाल्या असतील. मालकाने ते जिवाला लावून घेतलं. टेबलाशी येऊन उभा राहिला. "आजपासून हे ओरडणं बंद. हळू आवाजात सांगा. शेजारी तर बसलेले असता! आमच्या वेळी आम्ही नुसतं कोपराने ढोसायचो."

"ढोसायचं?" वहिनी म्हणाल्या. "हातात चालू मशीन असलेल्या माणसाला?"

"वहिनी, प्रत्येक गोष्टीवर तुमचं उत्तर तयार असतं."

"प्रत्येक गोष्टीवर नाही. फळ्या मारल्या असत्या तर माझ्याकडे काहीच उत्तर नव्हतं."

"बघू म्हटलं ना!"

"टेबलाला चार पाय आहेत," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज आता खाली उतरला होता, आणि तो खाली उतरला की गोणी स्टूल मागे घेत असे. "त्यातला एक गेला तरी ते भिंतीला टेकून उभं राहील. भावजींचा उरलेला डोळा गेला तर ते कशाला टेकणार?"

मालक केबिनमध्ये गेला आणि त्याने दार लावून घेतलं. दाराला काच होती, त्यामुळे तो कागद चाळल्याचं नाटक करताना सगळ्यांना दिसत होता.

वहिनी स्वतः ओरडत राहिल्या. त्यांना कुणी काही म्हणेना. पण बाकीचे नोकरीतली माणसं. त्यांनी आवाज कमी केला. गोणी पुटपुटू लागला. मावशी हात वर करी, पण तो कुणी बघत नसे. आणि भावजीने मालकाचा तो नवा, सभ्य, मऊ आवाज इतका हुबेहूब उचलला की आठवडाभर त्यावर खोली हसत होती. "मंडळी," मान तिरकी करून, खालच्या पट्टीत, "कृपया... पाय... वर."

त्या दिवशीही तो तसंच म्हणाला. दुपारची वेळ, शेजारची मशीनं चालू, पंखा घरघरतोय. वहिनी आतल्या बाजूला नळावर साचा धूत होत्या. त्याने नवी चकती हॅण्डपीसच्या टोकाला ठेवली, मान तिरकी केली, "मंडळी, कृपया पाय वर," म्हणाला आणि छोट्या पेचकसाने चकतीचा स्क्रू आवळू लागला. गोणीने पाय उचलले. मावशीला ऐकूच गेलं नाही. चकती नीट बसली का ते बघायला भावजीने ती सवयीप्रमाणे डोळ्याजवळ आणली. पेचकस अजून स्क्रूतच होता. मावशीने आपलं पॅडल चाचपलं, सापडलं, दाबलं.

फट्‌ असा आवाज झाला. फार मोठा नाही. बाटलीचं बूच उडावं एवढा.

वहिनी ओल्या हातांनी धावत आल्या तेव्हा भावजी ताठ बसला होता, आणि भुवईपासून हनुवटीपर्यंत एक बाजू लाल झाली होती. चांगल्या डोळ्याची बाजू.

"वहिनी," तो म्हणाला. आवाजात थट्टा नव्हती. त्यांनी त्याला पहिल्यांदाच थट्टेशिवाय बोलताना ऐकलं. "वहिनी, दिसत नाही."

"हात लावू नका. चोळू नका डोळा. गोणी, खाली जाऊन गाडी थांबवा. मावशी, रडणं नंतर, स्वच्छ फडकं आणा." त्यांनी फडक्याची घडी भुवईच्या जखमेवर धरली, डोळ्यावर जराही दाब न देता, आणि दुसऱ्या हाताने त्याचं मनगट पकडून त्याला जिन्यावरून खाली उतरवलं. प्रत्येक पायरी सांगत, चिडलेल्या आवाजात, "पायरी. पायरी. पायरी. आता वळण. डोळे नाहीत का, भिंत लागेल!" आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. गाडीत त्यांनी त्याचं मनगट सोडलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरने डोळा धुतला, दिव्यात बघितला, उलटसुलट बघितला. वहिनी त्याच्या मागे उभ्या राहून, जणू तो एखादा बर वाकडा बसवतोय, अशा नजरेने त्याच्या हातांकडे बघत होत्या. शेवटी तो म्हणाला, "चकतीचा तुकडा भुवईच्या हाडावर थांबला. आत रक्त गेलं म्हणून दिसत नव्हतं. बोटभर खाली असता तर मी तुम्हाला वेगळं काहीतरी सांगत असतो."

भुवईला टाके पडले. परतीच्या वाटेत भावजी खिडकीतून बाहेर बघत होता. खांब, पाट्या, एक कुत्रं, सगळं एकेक करून, मोजून घेतल्यासारखं. मग म्हणाला, "देव हिशेबाचा पक्का नाही, वहिनी. एक बाकी होता, तरी सोडला."

वहिनींनी त्याच्या तोंडावर मारलं नाही ते केवळ टाके होते म्हणून. "परत बोलून बघा," त्या म्हणाल्या. "परत एकदा हसून दाखवा." आणि गाडीवाल्यालाच उगाच ओरडल्या, "पुढे बघून चालवा!"

दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांच्या आधी कामावर हजर. मावशी आली ती डोळे सुजवून. "माझ्या पायानं घात केला गं, वहिनी. मी येत नाही उद्यापासून."

"तुमच्या पायानं काही केलं नाही. पाय बिचारा आंधळाच असतो. बसा जागेवर, आणि ती ओढणी आत खोचा, किती वेळा सांगायचं!" ही त्यांची सांत्वनाची रीत.

मालक आला तो कसनुसा चेहरा करून. हातात फळांची पिशवी. "कसा आहे आता? फार वाईट झालं. मी म्हणतच होतो, जरा सांभाळून..."

"पिशवी ठेवा आणि इथे बसा," वहिनी म्हणाल्या.

"कुठे?"

"भावजींच्या स्टुलावर. तुमच्याच वेळचं स्टूल आहे, ओळखीचं असेल."

तो बसला. न बसण्याची सोय त्यांनी ठेवली नव्हती. गोणी एका बाजूला उभा, मावशी दुसऱ्या बाजूला आपल्या स्टुलावर. वहिनींनी हॅण्डपीस त्याच्या हातात दिला, दुसऱ्या हातात पेचकस, समोर नवी पातळ चकती.

"बसवा."

"वहिनी, हे काय..."

"आधी सांगा, तुमचं पॅडल कुठलं?"

मालकाने पायाने चाचपलं. एक लागलं. जरा पलीकडे दुसरं लागलं. "हे असेल. नाहीतर ते."

"आम्हीही असंच म्हणतो. असेल. बसवा चकती. आवळा. आता बघायला डोळ्याजवळ आणा. तुमचे दोन आहेत, तुम्ही बिनधास्त आणा." त्या वळल्या. "मावशी, तुमचं काम सुरू करा."

मावशीने वहिनींकडे बघितलं आणि पाय पुढे सरकवला. फरशीवर तो सरकल्याचा बारीक आवाज आला.

मालकाचा हात छातीपाशी थांबला. चकती त्याच्या नाकाच्या रेषेत होती. तो तिच्याकडे, जणू ती त्याला ओळखते, असा बघत होता. आणि मग त्याचे दोन्ही पाय, त्याला न विचारता, आपले आपण उचलले गेले आणि स्टुलाच्या आडव्या दांडीवर जाऊन बसले.

"कोण ओरडलं?" वहिनींनी विचारलं. "मी तर नाही."

त्याने हॅण्डपीस टेबलावर ठेवला, फार सावकाश. "बघू," तो म्हणाला.

"बघा. वाकून बघा."

आणि मालक वाकला. इतकी वर्षं त्याने ते टेबल वरून पुसलं होतं, तेल लावलं होतं, पाहुण्यांना दाखवलं होतं; खालून बघितलं नव्हतं. खाली वायरींचा गुंता होता, पूड होती, झाडणारीने लोटून दिलेली पॅडलं एकमेकांवर चढली होती, आणि भावजीच्या हॅण्डपीसची वायर सरळ मावशीच्या चपलेखाली गेली होती. तिथून वर बघताना त्याला आणखी एक गोष्ट दिसली. भिंतीवरच्या बोर्डात त्या हॅण्डपीसची पिनच नव्हती. ती वहिनींच्या ॲप्रनच्या खिशातून, वायरीसकट, बाहेर डोकावत होती.

रागाच्या भरात माणूस काय करेल याचा नेम नाही म्हणतात. वहिनी रागाच्या भरात आधी पिन काढत.

सुतार दोनच दिवसांत आला. त्याने टेबलाखाली तीन फळ्या उभ्या मारल्या, चार खण केले, आणि प्रत्येक खणात पॅडल एका लाकडी पाटावर पक्कं केलं, झाडणारीच्या झाडूला हलणार नाही असं. खिळ्याच्या प्रत्येक ठोक्याला केबिनमध्ये मालक डोळे मिटून घेत होता. वहिनी सुताराच्या डोक्यावर उभ्या होत्या आणि त्याला, ड्रिल हातात असताना शर्टाची बाही का लोंबतेय, याबद्दल बोलत होत्या. सुताराने भावजीला हळूच विचारलं, "या नेहमीच अशा?"

"आज खूश आहेत," भावजी म्हणाला. भुवईवरची पट्टी अजून निघाली नव्हती.

काम झाल्यावर मालक बाहेर आला, खाली वाकला (आता त्याला ती सवय लागली होती), खण बघितले आणि जरा उसनं हसून म्हणाला, "काय वहिनी? झालं मनासारखं? आता तरी ओरडणं बंद ना?"

वहिनींचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. पलीकडे भावजीने काम सुरू केलं होतं, मास्क लावून, आणि गॉगल कपाळावर चढवून.

"भावजी!"

त्याने पाय वर घेतले. गोणीनेही घेतले. मावशीनेही. मालकाचाही एक उचलला गेला.

"पाय नाही! गॉगल!"

"वाफ धरते हो, वहिनी. खरंच दिसत नाही."

त्यांनी त्याच्या हातातला हॅण्डपीस थांबलाय याची खात्री केली, त्याच्या कपाळावरून गॉगल ओढून काढला आणि नळापाशी नेला. कोरड्या साबणाचं बोट काचेला आतून फिरवलं, ॲप्रनच्या टोकाने काच पुसली, खसाखसा, काचेने काही गुन्हा केल्यासारखी. साबण लावला की वाफ कमी धरते. मग परत येऊन टाक्यांना धक्का लागणार नाही अशा बेताने त्यांनी तो त्याच्या डोळ्यांवर बसवला, दोन्ही डोळ्यांवर, आणि मागचा पट्टा ओढून घट्ट केला.

"आता?"

भावजीने खिडकीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "दिसतंय."

"काय दिसतंय?"

"तुम्ही चिडलेल्या दिसताय."

"मग काच स्वच्छ आहे," वहिनी म्हणाल्या, आणि आपल्या स्टुलावर जाऊन बसल्या.